गोळी त्याची, घर सगळ्यांचे

पहाटेचे चार वाजलेले असतात. सहेरीसाठी मोहल्ला जागवत फिरणाऱ्या पोरांची हाक गल्लीतून पुढे जाते. स्वयंपाकघरात तवा तापलेला असतो. आई ताटे मांडते. नवऱ्याचे, थोरल्या मुलाचे, सुनेचे, स्वतःचे. पाचव्या ताटापाशी तिचा हात थांबतो. सव्वीस वर्षांचा धाकटा मुलगा आतल्या खोलीत झोपलेला आहे. रात्री दहाला गोळ्या घेऊन तो झोपला. त्याला उठवावे तर झोपमोड होणार, आणि तीन वर्षांपूर्वी आजार पहिल्यांदा उसळला तो सलग काही रात्रींच्या जागरणानंतरच. न उठवावे तर सकाळी तो विचारणार, "अम्मी, मला का नाही उठवलंस? मी या घरातला नाही का?"

बायपोलर आजाराची औषधे घेणारा मोठा मुलगा किंवा मुलगी ज्या घरात आहे, तिथे रमजानची पहाट ही अशी उगवते. हा प्रश्न दाराबाहेर जात नाही. शेजारच्या चाचीने विचारले तर "त्याचं पोट बिघडलंय" असे सांगून वेळ निभावली जाते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत रात्रीची इबादत वाढते, घरोघरी ईदची तयारी चालते. याच दिवसांत या घरांवरचा ताण सर्वात जास्त असतो. म्हणून ही गोष्ट आता, उघडपणे बोलली पाहिजे.

बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार, हा मनःस्थितीला दोन टोकांना नेणारा आजार आहे. एका टोकाला उन्माद. झोप कमी होते तरी थकवा येत नाही, बोलणे थांबत नाही, डोक्यात मोठमोठ्या योजना येतात, पैसा पाण्यासारखा जातो, कुणी अडवले की राग अनावर होतो. दुसऱ्या टोकाला नैराश्य. अंथरुणातून उठवत नाही, अन्नावर वासना राहत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही. या दोन टोकांच्या मधला काळ पुष्कळ जणांच्या बाबतीत लांब असतो, आणि त्या काळात माणूस नोकरी करतो, दुकान सांभाळतो, भाच्यांना खेळवतो. औषधे हा मधला काळ लांबवतात. ती बंद केली की आजार परतण्याची शक्यता बळावते. आजार बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतो. शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्यांच्या उंबरठ्यावर असताना.

देशात हा आजार किती उपचाराविना राहतो, याचा अंदाज २०१५-१६ मध्ये निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बायपोलर असलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे सात जणांना उपचार मिळत नव्हते. तेव्हा ज्या घरात डबीतल्या गोळ्या नियमाने घेतल्या जातात, ते घर आधीच एक मोठी लढाई जिंकलेले आहे. ती जिंकलेली लढाई एका महिन्याच्या भिडेपोटी हरायची नाही, एवढे मनाशी पक्के असावे.

रोजा आणि औषध

या आजारावर दिल्या जाणाऱ्या औषधांत लिथियम हे जुने आणि अजूनही मोलाचे औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना त्याचा गुण येतो हे दाखवून दिले. लिथियम हा एक क्षार आहे आणि तो मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जातो. गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर थोडेच असते. रक्तातले प्रमाण साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर या मर्यादेत ठेवले जाते. ते दीडच्या वर गेले की विषबाधेचा धोका सुरू होतो. म्हणूनच हे औषध घेणाऱ्यांना ठराविक काळाने रक्ततपासणी सांगितलेली असते, शिवाय थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही.

अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचे सोडून धरून ठेवतात. मार्चचे ऊन, तेरा-साडेतेरा तास पाण्याचा थेंब नाही, अंगमेहनतीचे काम, घाम, त्यात एखाद्या दिवशी जुलाब किंवा उलटी, असा योग जुळला तर रक्तातले प्रमाण चढू शकते. हात ठळकपणे थरथरणे, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसताच इफ्तारची वाट पाहायची नसते. पाणी पाजून, पुढची गोळी न देता, थेट दवाखाना गाठायचा असतो. डोके दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही लिथियमचे प्रमाण वाढते, हेही घरात माहीत असायला हवे.

दुसरा धोका झोपेचा. रात्री तरावीहची नमाज, मग बाजार, मग गप्पा, पहाटे सहेरी, दुपारी जमेल तेवढी झोप. निरोगी माणूस हा महिना असा निभावून नेतो. बायपोलर असलेल्या माणसाचे मात्र घड्याळच बिघडते. सलग काही रात्रींची तुटलेली झोप हा उन्मादाला आमंत्रण देणारा सर्वात ओळखीचा प्रसंग आहे, मग कुणी लिथियम घेत असो वा दुसरे कोणते औषध.

मग रोजा ठेवायचाच नाही का? याचे एकच उत्तर सर्वांना लागू होत नाही. मोरोक्कोतील कॅसाब्लांका येथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजे ठेवणाऱ्या वीस रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार महिन्याभरात परतला होता, आणि डॉक्टरांचे बोट औषधापेक्षा दिनक्रमाच्या मोडतोडीकडे होते. पुढे पेशावरच्या डॉक्टरांनी साठेक रुग्ण तपासले, तेव्हा लिथियमच्या प्रमाणात चिंता करावी असा बदल दिसला नाही. मात्र ते रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते आणि त्यांचे रक्त वेळोवेळी तपासले जात होते. दोन्ही अभ्यास लहान आहेत. त्यांतून घ्यायचे ते एवढेच की कोण रोजा ठेवू शकेल, गोळ्यांची वेळ बदलता येईल का, दिवसाचा डोस रात्री घेता येईल का, हे त्या त्या रुग्णाचा डॉक्टर ठरवील. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची वेळ शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात असते. यंदा ती हुकली असेल, तर आजही विचारता येतो.

सवलत हीसुद्धा आज्ञाच

मोहल्ल्यातला मोठा गैरसमज असा की रोजा न ठेवणे म्हणजे काहीतरी कमी पडणे. प्रत्यक्षात कुरआनमध्ये जिथे रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच, त्याला लागून, आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे. अल्लाहला माणसाची सोय हवी आहे, अडचण नको आहे, हा खुलासाही तिथेच आहे. सुटलेले रोजे पुढे प्रकृती साथ देईल तेव्हा भरून काढता येतात. त्यांना कजा रोजे म्हणतात. हिवाळ्यातले दिवस लहान आणि थंड असतात, तेव्हा ते डॉक्टरांच्या सल्ल्याने जमण्यासारखे असू शकतात. आजारच असा कायमचा असेल की रोजा कधीच झेपणार नाही, तर दर रोज्यामागे एका गरजवंताला जेवू घालण्याची, म्हणजे फिदियाची वाट आहे. मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्या आजोबांना ही सूट कुणी नाकारत नाही. नातवाच्या गोळीला मात्र "मनाचं काय एवढं, नमाज पढ, बरं वाटेल" असे उत्तर मिळते. मूत्रपिंड आजोबांचे आणि नातवाचे सारखेच असते. डॉक्टरचा कागदही सारखाच असतो.

हे फक्त एका समाजाचे दुखणे नाही. हरतालिकेचा निर्जळी उपवास, नवरात्रातले नऊ दिवस, गणपतीतली जागरणे, वारीतली पायपीट अशा प्रत्येक प्रसंगी कुठल्या ना कुठल्या घरात औषध घेणारी एखादी मुलगी "या वेळी तरी मला करू द्या" म्हणते आणि आई गोंधळते. उपवास कुठलाही असो, शरीरातले पाणी आणि रात्रीची झोप यांचा हिशेब तोच असतो. गावात एका घरची आई दुसऱ्या घरच्या आईशी या विषयावर बोलू लागली, तर दोघींनाही कळेल की आपण एकट्या नाही.

मोठ्या झालेल्या मुलाचे आई-वडील

लहान मुलाला ताप आला तर आई औषध पाजते, मूल रडले तरी पाजते. सव्वीस वर्षांच्या मुलाला असे पाजता येत नाही. तो मतदान करतो, मोटारसायकल चालवतो, पगार आणतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही हेच मानले आहे. समजून-उमजून निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या व्यक्तीचा उपचाराविषयीचा निर्णय तिचा स्वतःचा. पुढे कधी ती क्षमता कमी पडली तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क कायदा देतो. आपल्या वतीने कोणी बोलावे, ती व्यक्तीही निवडता येते. वडिलांना आपोआप तो मान मिळेल असे नाही. मुलगा बहिणीलाही निवडू शकतो. कोंडून ठेवणे, साखळीने बांधणे याला कायद्याने पूर्ण बंदी आहे.

पुष्कळ आई-वडिलांना हे ऐकून धक्का बसतो. "आम्ही जन्म दिला, आम्ही रात्री जागवल्या, आणि आम्हालाच काही विचारायचे नाही?" या प्रश्नात वेदना आहे आणि ती खरी आहे. पण रोजच्या व्यवहारात बघावे. "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न दिवसातून तीनदा विचारला की चौथ्यांदा मुलगा खोटे बोलू लागतो. डबीतल्या गोळ्या मोजल्या जातात हे कळले की तो त्या बेसिनमध्ये टाकतो. पहाऱ्याने गोळी पोटात जात नाही, फक्त घरात पोलीस ठाणे उभे राहते. जो मुलगा औषध स्वतःचे मानतो तोच ते वर्षानुवर्षे घेतो.

मग आई-वडिलांच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. गोळी त्याची असली तरी घर सगळ्यांचे आहे. घराची झोप, घराचे बोलणे, घराचा पैसा, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडे, ही सगळी व्यवस्था आई-वडिलांच्या हातची असते. आणि या आजारात गोळीच्या खालोखाल व्यवस्थाच उपयोगी पडते.

झोपेपासून सुरुवात करावी. मुलगा रोजा ठेवत नसेल तर त्याची खोली सहेरीच्या खडखडाटापासून दूर असावी. ठेवत असेल, डॉक्टरांच्या संमतीने, तर तरावीहनंतरची रात्र त्याच्यासाठी लवकर संपावी. वीस रकअतींनंतर चौकात चहा नको, सरळ घरी. सत्ताविसावी रात्र, जी शब-ए-कद्र म्हणून जागवली जाते, तिच्यात त्याने इशाची नमाज पढून, दुआ मागून झोपी जावे. घरातल्या वडीलधाऱ्याने हे सर्वांसमोर, सहजपणे सांगितले तर त्याला चोरून झोपावे लागत नाही. "आज तू झोप, तुझ्या वाटची दुआ आम्ही मागतो," एवढे वडिलांचे वाक्य पुरते.

पाण्याचेही तसेच. दुपारी त्याला पाणी प्यायचे असेल, जेवायचे असेल, तर ते मोरीत किंवा जिन्याखाली लपून करायची पाळी येऊ नये. झाकून ठेवलेले त्याचे ताट स्वयंपाकघरातच असावे. इफ्तारच्या दस्तरखानावर मात्र त्याची जागा सर्वांबरोबर हवी. रोजा नसला तरी खजूर त्याच्याही हातात पडावा. पाहुण्यासमोर कुणी "रोजा नाही का?" विचारले तर उत्तर आधी ठरलेले असावे: "डॉक्टरांनी मना केलंय." आजाराचे नाव सांगायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. खोटे पोटदुखीचे कारण सांगितले की मुलगा त्यातून शिकतो तो एवढेच, की आपल्याविषयी घराला लाज वाटते.

इबादत आणि उन्माद

एक गोष्ट विशेष जपण्यासारखी आहे. रमजानमध्ये उन्माद कधी कधी इबादतीच्या वेशात येतो. एरवी नमाजला कंटाळणारा मुलगा अचानक रात्र रात्र जागून कुरआन पढू लागतो. घरात आनंद होतो. मग तो म्हणतो, मला झोपेची गरजच उरलेली नाही. मग महिन्याचा पगार एका दिवसात सदका म्हणून वाटून टाकतो. मग मौलानांना त्यांच्या चुका दाखवू लागतो. मग सांगतो, मला खास काम सोपवलेले आहे, आता गोळ्या कशाला. हीच गोष्ट दुसऱ्या घरात अचानक सुरू झालेल्या अनुष्ठानाच्या रूपाने दिसते.

भक्ती आणि उन्माद यांत फरक करायला डॉक्टरची पदवी लागत नाही. इबादतीने माणूस निवांत होतो; रात्रभर जागला तर दुसऱ्या दिवशी थकतो, झोपतो, थट्टेने हसतो. उन्मादात थकवा येत नाही, बोलण्याचा वेग वाढत जातो, थट्टा सहन होत नाही, झोप तीन तासांवर येते आणि तरी माणूस ताजातवाना असतो. सलग दोन-तीन रात्री असे दिसले तर वाद घालू नये, फतवाही विचारू नये. डॉक्टरांना फोन करावा. मुलाच्या परवानगीशिवाय डॉक्टर त्याची माहिती आई-वडिलांना सांगणार नाहीत, हा त्याचा हक्क आहे. पण आई-वडिलांनी आपल्याला दिसलेले डॉक्टरांना सांगण्यात आडकाठी नसते.

उलट बाजूही विसरू नये. महिनाभराच्या धांदलीनंतर ईद उलटते, नवे कपडे कपाटात जातात, आणि एखादा मुलगा चादर ओढून पडून राहतो. त्याला आळशी म्हटले जाते. जगण्याला कंटाळल्याची, आपण सगळ्यांवर ओझे असल्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर ती मनावर घ्यावी. त्याला स्पष्ट, शांतपणे विचारावे, एकटे सोडू नये, मदत बोलवावी. असे विचारल्याने त्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते आणि मराठीतूनही बोलता येते.

बरा असतानाच ठरवावे

आजार उसळलेला असताना कुठलाही करार होत नाही. तो होतो मुलगा बरा असताना, चहाच्या कपाबरोबर, तासाभरात. एक कागद पुरतो. त्यावर मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. माझा आजार येतो तेव्हा पहिल्यांदा काय दिसते? कुणी सांगितलेले मी ऐकेन? डॉक्टरांना फोन कोण करील? मोटारसायकलची किल्ली आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा तेवढ्या दिवसांपुरती कुणाच्या हाती द्यायची? मामाला सांगायचे की नाही? दवाखान्यात दाखल व्हावे लागले तर कुठल्या? आई-वडिलांनीही त्यावर आपली एक ओळ लिहावी: एरवी आम्ही गोळ्यांची चौकशी करणार नाही. मुलाने आपला शब्द पाळला तर त्यांनीही आपला पाळावा. विश्वास हा दोन्हीकडून भरायचा हप्ता आहे.

लग्नाच्या वेळी या कागदाची खरी परीक्षा होते. "निकाह झाला की सगळं ठीक होईल" हा सल्ला प्रत्येक मोहल्ल्यात फुकट मिळतो, तो दुसऱ्या आळीतही "लग्न करून टाका, जबाबदारी आली की सुधारेल" या रूपात मिळतो. लग्न हे औषध नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट घडते ती ही की नव्या माणसासमोर गोळी घेता येत नाही, म्हणून ती बंद होते. दुसरी गोष्ट काही आठवड्यांनी घडते आणि मग दोन घरे रडतात. बायपोलर असलेली माणसे लग्ने करतात, संसार करतात, मुले वाढवतात. पण त्यांच्या जोडीदाराला माहीत असते. मुलीच्या बाबतीत तर हे आणखी निकडीचे आहे. या आजारावर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला बाधते, आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत आजार परतण्याचा धोका वाढतो. हे लग्नाआधी डॉक्टरांशी बोलले नाही, तर बोलायला उशीर होतो.

दुआही, दवाही

घरात आजार आला की आई-वडील आधी नजर शोधतात, मग करणी, मग स्वतःच्या वाढवण्यातली चूक. या आजाराचा अनुवंशिकतेशी घट्ट संबंध आहे, आणि तो कुणाच्या वाढवण्यातल्या चुकीमुळे होत नाही. दर्ग्यावर जाण्यात, मंदिरात नवस बोलण्यात गैर काही नाही. तिथे मनाला आधार मिळतो, आणि आपल्याकडच्या दर्ग्यांच्या उंबरठ्यावर सगळ्या धर्मांची माणसे टेकतात. घात होतो तो दवा सोडून फक्त दुआवर बसल्याने.

तमिळनाडूतील एरवाडी हे दर्ग्याचे गाव. तिथे मनोरुग्णांना ठेवण्यासाठी खासगी आश्रयगृहे निघाली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका झोपडीवजा आश्रयगृहाला आग लागली. रुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण मरण पावले. त्यांना तिथे आणून सोडणारे नातेवाईक दुष्ट नव्हते. उपचार कुठे मिळतात हे ठाऊक नसलेली, थकलेली, लाजलेली माणसे होती. त्याच देशात गुजरातमधल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यावर दुसरी वाट निघाली. तिथे मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलू लागले. दुआसाठी आलेल्या माणसाला मुजावरच आवारातल्या दवाखान्याकडे पाठवू लागला. दवा आणि दुआ असेच त्या उपक्रमाचे नाव आहे.

इस्लामच्या इतिहासाला ही वाट नवी नाही. नवव्या-दहाव्या शतकातील अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या मन्सूरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था होती. प्रत्येक आजारावर इलाज ठेवलेला आहे, तो शोधा, ही प्रेषितांची शिकवण त्यांनी मनाच्या आजारालाही लावली. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. रात्री दहाची गोळी म्हणजे उंट बांधणे आहे.

शेजाऱ्यांना आणि जमातीलाही करण्यासारखे आहे. जुम्याच्या बयानात मौलानांनी मधुमेहाबरोबर मनाच्या आजाराचाही उल्लेख केला, तर शंभर घरांत एकाच दिवशी खुलासा होतो. जकातीचे पैसे गरजूच्या हाती पडताना, गल्लीतल्या एखाद्या विधवेच्या मुलाची रक्ततपासणी आणि जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचे एसटीचे भाडे आठवावे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तिथे गेलेल्या माणसाला परत आल्यावर "कुठे होतास?" असे विचारण्याऐवजी "ये, बैस" म्हणणारी दोन दुकाने चौकात असावीत. आईलाही विसरू नये. तिचीही झोप वर्षानुवर्षे तुटलेली असते. एखाद्या दिवशी इफ्तारची भजी दुसऱ्या घरातून आली तर तिला तासभर पाठ टेकता येते.

२०२५ साली एक योग आला होता. ३० मार्चचा दिवस जगभर बायपोलर दिन म्हणून पाळला जातो. त्या वर्षी रविवारी, त्याच दिवशी, गुढीपाडवा होता, आणि त्याच संध्याकाळी डोळे चंद्राकडे लागले होते. पाडव्याला सकाळी कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खाल्ला जातो. तो कडू असतो, म्हणून कुणी तो खाणाऱ्याची कीव करत नाही; वर्षाची सुरुवातच त्याने होते. ज्या घरात रोज रात्री एक कडू गोळी घेतली जाते, त्या घराकडेही गावाने तसेच पाहावे.

आणि त्या आईने? तिने पाचवे ताट मांडावे, भरावे आणि झाकून ठेवावे. आदल्या रात्रीच मुलाला विचारून घ्यावे, "उद्या उठवू, की झोपतोस?" तो जे सांगेल तसे करावे. झोपतो म्हणाला, तर त्याच्या खोलीचे दार हलकेच ओढून घ्यावे आणि आपली सहेरी करावी.